टॉमकॅटच्या लॉगने डिस्क भरते, फाइल उडवली तरी जागा मोकळी होत नाही

तुर्भे_स्टोअर्स

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आमची तुर्भ्याला ट्रान्सपोर्ट कंपनी आहे. न्हावा शेव्याला जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्यांची नोंद, ड्रायव्हरची स्लिप, पार्टीला जाणारा एसेमेस, सगळं एका वेब ॲप्लिकेशनवर चालतं. सर्व्हर म्हणजे महापेच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेलं व्हीएम (आभासी मशिन). रॉकी लिनक्स ८, पुढे विनंत्या घेणारा वेब सर्व्हर एनजिनएक्स, मागे जावाचं ॲप्लिकेशन चालवणारा टॉमकॅट ९. डिस्क १०० जीबी, सगळं एकाच पार्टिशनवर. ज्याने हे उभं केलं तो व्हेंडर काम सोडून गेला आणि घोंगडं माझ्या गळ्यात आलं. मी मूळचा अकाउंट्सचा, लिनक्स कामापुरतं येतं.

ऑप्ट-टॉमकॅट-लॉग्जमध्ये कॅटालिना डॉट आउट नावाची लॉगची, म्हणजे टॉमकॅटच्या नोंदींची, फाइल आहे, ती फुगून ६० जीबीच्या वर गेली. डिस्क शंभर टक्के. स्लिप निघेना, गेटवर गाड्या उभ्या, फोनवर फोन. जाता जाता व्हेंडरच्या माणसाने ती फाइल आरएम (हटवायची कमांड) मारून उडवली आणि 'झालं' म्हणाला. पण डिस्क किती भरली हे सांगणारं डीएफ अजूनही शंभर टक्के दाखवत होतं, फाइलींचे आकार मोजणारं डीयू मात्र ३५ जीबीच वापर सांगत होतं. शेवटी टॉमकॅट रीस्टार्ट केल्यावर जागा मोकळी झाली. आता फाइल पुन्हा वाढतेय.

लॉगरोटेट (लॉगची फाइल ठरावीक वेळी बाजूला काढून नवी सुरू करणारा प्रोग्रॅम) बसवायचं असं सगळे सांगतात. कसं बसवू? आणि संध्याकाळी रीस्टार्ट चालत नाही, जहाजाच्या कट-ऑफच्या आत पेट्या आत जाव्या लागतात.

ऐरोलीकर

एवढं काय त्यात. रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) फाइल रिकामी करा. एका ओळीचं काम. आमच्याकडे कित्येक वर्षं असंच चाललंय.

बेलापूरचा_बोका

आणि मंगळवारी रात्री काय बिघडलं होतं हे बुधवारी सकाळी कळायला पत्रिका मांडायची.

नौपाडा_नाइटशिफ्ट

तुर्भे, आधी ते डीएफ-डीयूचं कोडं सोडवू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

लिनक्समध्ये फाइलचं नाव वेगळं आणि फाइल वेगळी. प्रोग्रॅमने फाइल एकदा उघडली की त्याच्या हातात नाव उरत नाही, आयनोड, म्हणजे डिस्कवरची त्या फाइलची मूळ नोंद, राहतो. तुम्ही नाव बदला, फोल्डर बदला, नाव पुसून टाका, तो त्याच जागी लिहीत राहतो. एपीएमसीत गाळ्यावरची पाटी बदलली म्हणून आतला हमाल पोती दुसऱ्या गाळ्यात रचायला लागत नाही, तसं. आरएमने फक्त पाटी निघाली. टॉमकॅट आत लिहीतच होता, म्हणून जागा अडकलेली. डीयू नावं धरून मोजतं, त्याला ती फाइल दिसेना. डीएफ फाइलसिस्टिमला विचारतं, तिथे ती होतीच. रीस्टार्टने टॉमकॅटने फाइल बंद केली तेव्हा कुठे जागा सुटली.

पुन्हा असं झालं तर रीस्टार्ट नको. रूट होऊन एलएसओएफला 'प्लस एल १' हा पर्याय द्या. नाव पुसलेल्या पण कोणीतरी उघड्या धरलेल्या फाइल समोर येतात, शेवटी कंसात 'डिलीटेड' लिहिलेलं असतं. त्या ओळीत प्रोसेसचा नंबर आणि फाइल डिस्क्रिप्टरचा नंबर मिळतो. मग प्रॉक-खाली त्या प्रोसेसच्या एफडी फोल्डरमधला तो नंबर रिकामा करायचा, म्हणजे त्याच्यावर नुसतं रिकामं रीडायरेक्ट करायचं. जागा त्याच क्षणी सुटते, टॉमकॅटला पत्ताही लागत नाही.

आणि फाइलला नाव असताना ती हटवायची नसते, ट्रंकेट, म्हणजे जागच्या जागी रिकामी, करायची असते. ऐरोलीकरांचा उपाय त्या अर्थाने चुकीचा नाही. फक्त त्यात लॉग ठेवण्याचा मूळ हेतूच मरतो.

कोपरी_पूल

ताईंनी मूळ सांगितलं, मी कॉन्फिग सांगतो. इटीसीमधल्या लॉगरोटेट-डॉट-डी फोल्डरमध्ये टॉमकॅट नावाची फाइल करा. पहिल्या ओळीत कॅटालिना डॉट आउटचा पूर्ण पाथ, पुढे महिरपी कंस. कंसात एकेका ओळीवर: डेली, रोटेट १४, कॉम्प्रेस, मिसिंगओके, नॉटिफएम्प्टी, कॉपीट्रंकेट. कंस बंद. म्हणजे रोज फिरवा, १४ जुन्या प्रती दाबून ठेवा.

कॉपीट्रंकेट म्हणजे लॉगरोटेट आधी फाइलची प्रत काढतं आणि मूळ फाइल जागच्या जागी शून्य करतं. टॉमकॅटचा आयनोड तोच राहतो, रीस्टार्ट लागत नाही. सध्या कॅटालिना डॉट आउटला दुसरा सुटसुटीत मार्ग नाही, कारण टॉमकॅटला 'लॉग फाइल पुन्हा उघड' असं सांगणारा सिग्नलच नाही.

तुर्भे_स्टोअर्स

टाकलं. पण डीबगमध्ये चालवून पाहिलं तर 'लॉग रोटेट करायची गरज नाही' म्हणतंय. फाइल आज पुन्हा ४ जीबी आहे!

कोपरी_पूल

पहिल्या दिवशी तसंच म्हणणार. लॉगरोटेट आपली वही ठेवतं. तुमच्या रॉकीवर ती व्हार-लिब-लॉगरोटेट फोल्डरात लॉगरोटेट डॉट स्टेटस नावाने आहे. नवीन फाइल दिसली की तो तिथे आजची तारीख मांडतो आणि 'आजच पाहिली' म्हणून सोडून देतो. उद्यापासून मोजणी. थांबायचं नसेल तर एफ देऊन जबरदस्तीने एकदा फिरवा.

नौपाडा_नाइटशिफ्ट

कोपरी, कॉन्फिग बरोबर आहे पण कॉपीट्रंकेट इतकं निर्धास्तपणे हाती देऊ नका. त्याचे तीन काटे आहेत.

पहिला, प्रत काढायला तेवढीच मोकळी जागा लागते. १०० जीबीच्या डिस्कवर ६० जीबीची फाइल झाली की कॉपीट्रंकेट त्या दिवशी अपयशी ठरतं. दुसऱ्या दिवशी फाइल आणखी मोठी, म्हणजे तेव्हाही अपयश. ज्या दिवशी सर्वांत जास्त गरज, नेमकं त्याच दिवशी हात वर.

दुसरा, प्रत पूर्ण झाल्यापासून मूळ फाइल शून्य होईपर्यंतच्या फटीत ज्या ओळी लिहिल्या गेल्या त्या गेल्या. गाड्यांच्या नोंदी डेटाबेसमध्ये आहेत, त्या जात नाहीत. पण पैशाच्या किंवा लॉगिनच्या नोंदी लॉगमध्ये ठेवत असाल तर त्या फायलीला कॉपीट्रंकेट लावू नका.

तिसरा काटा बऱ्याच जणांना माहीत नसतो. प्रोग्रॅमने फाइल अपेंड मोडमध्ये उघडलेली पाहिजे. टॉमकॅटची स्वतःची कॅटालिना डॉट एसएच दोन 'मोठा-आहे' चिन्हं वापरते, म्हणजे अपेंड, म्हणून तिथे निभावतं. पण कोणी नोहप (लॉगआउट झालं तरी प्रोग्रॅम चालू ठेवणारी कमांड) लावून जावा चालवतो आणि एकच चिन्ह टाकतो, तिथे मजा होते. फाइल शून्य केली तरी प्रोग्रॅमचं बोट १२ जीबीच्या जागेवरच असतं. पुढची ओळ तिथेच लिहिली जाते, मधली पोकळी शून्य बाइटांची. एलएस-एल १२ जीबी सांगतं, डीयू ४० एमबी सांगतं, आणि लेसमध्ये उघडली की पडदाभर 'कॅरेट ॲट कॅरेट ॲट कॅरेट ॲट'. ग्रेप तर 'बायनरी फाइल मॅचेस' म्हणून गप्प बसतो. वागळे इस्टेटमधल्या एका क्लायंटकडे हे पाहून तिथल्या पोराने 'व्हायरस आला' असा मेल काढला होता.

बेलापूरचा_बोका

सीसीमध्ये एमडी असणारच.

नौपाडा_नाइटशिफ्ट

एमडी आणि त्यांचे मेहुणे.

वागळे_इस्टेट

बदनामी चालू आहे आमची. असो. कोपरी, 'दुसरा मार्ग नाही' हे आता खरं नाही. टॉमकॅट ९ च्या कॅटालिना डॉट एसएचमध्ये कॅटालिना-आउट-सीएमडी नावाचं व्हेरिएबल आहे. ते सेट केलं की स्क्रिप्ट नेम्ड पाइप करते आणि टॉमकॅटचं सगळं आउटपुट त्या कमांडला देते. तिथे अपाचीसोबत येणारा रोटेटलॉग्ज लावायचा. तोच दर २४ तासांनी, म्हणजे ८६४०० सेकंदांनी, तारखेच्या नावाची नवी फाइल उघडतो. प्रत नाही, फट नाही, जास्तीची जागा नाही. तुमच्या बिन फोल्डरातली कॅटालिना डॉट एसएच उघडा, सुरुवातीच्या कॉमेंट्समध्ये हे व्हेरिएबल आणि उदाहरण आहे का पाहा. ९ चीच पण सुरुवातीची आवृत्ती असेल तर नसेल.

दोन गोष्टी सांभाळा. रोटेटलॉग्ज दिवस यूटीसीप्रमाणे मोजतो, त्यामुळे एल पर्याय दिला नाही तर फाइल आपल्या सकाळी साडेपाचला बदलते. पहाटे तीनची भानगड आदल्या दिवशीच्या फाइलमध्ये शोधावी लागते. आणि तो नेहमीच्या वापरात जुन्या फाइल काढून टाकत नाही, त्यासाठी जुन्या फाइल शोधून हटवणारी फाइंड कमांड वेगळी लावा.

कोपरी_पूल

हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली. पण रीस्टार्ट लागणारच ना व्हेरिएबल लावायला?

वागळे_इस्टेट

एकदा. तुर्भेंनी रविवार सकाळ बघावी.

नौपाडा_नाइटशिफ्ट

रोटेशन कसं करायचं हे ठरलं असं समजू. पण मला वेगळाच प्रश्न पडलाय. एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं ॲप्लिकेशन इतकं बोलतंय कशाबद्दल? तुर्भे, फाइलच्या शेवटच्या हजार ओळी पाहा आणि काय दिसतं ते लिहा. मोबाइल नंबर, गाडी नंबर इथे चिकटवू नका.

तुर्भे_स्टोअर्स

पाहिलं ताई. तीन प्रकार दिसतात.

एक, 'हायबरनेट: सिलेक्ट' अशा लांबलचक ओळी. मोजून नाही सांगत, पण निम्म्याहून जास्त त्याच.

दोन, 'इथे आलो', 'इथे पण आलो', 'चेक २' अशा ओळी.

तीन, टॉमकॅटच्या स्वतःच्या ओळी. पण गंमत म्हणजे त्याच ओळी तारखेच्या नावाच्या दुसऱ्या कॅटालिना फाइलमध्येही जशाच्या तशा आहेत.

बेलापूरचा_बोका

'इथे पण आलो' वाला डेव्हलपर आता कुठे आला असेल देव जाणे.

नौपाडा_नाइटशिफ्ट

मग तुमचा निम्मा आजार इथेच आहे.

हायबरनेट ही डेटाबेसशी बोलणारी जावाची लायब्ररी, तिच्या ओळी शो-एसक्यूएल ट्रू ठेवल्याने येतात. हे सेटिंग लॉगच्या लेव्हलला जुमानत नाही, थेट स्टँडर्ड आउटपुटवर छापतं. म्हणून लेव्हल वॉर्न करूनही त्या थांबत नाहीत. फॉल्स करा. कधी क्वेरी बघायचीच झाली तर ऑर्ग-डॉट-हायबरनेट-डॉट-एसक्यूएल या लॉगरची लेव्हल डीबग करता येते, काम झालं की परत वर.

'इथे आलो' म्हणजे सिस्टिम-आउट-प्रिंटएलएन. ते कोडमध्ये जाऊनच काढावं लागेल. तूर्तास सोडा.

तिसरा प्रकार टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरातल्या लॉगिंग-डॉट-प्रॉपर्टीजमुळे. मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक ओळ तारखेच्या फाइलमध्येही जाते आणि कन्सोलवरही, आणि कन्सोल म्हणजे तुमची कॅटालिना डॉट आउट. हँडलर्सच्या ओळींमधून कन्सोल हँडलर काढलात की दुहेरी लिखाण थांबतं. तारखेच्या फाइल टॉमकॅट स्वतः फिरवतो, सोबत येणाऱ्या सेटिंगमध्ये मॅक्सडेज ९० असतं, म्हणजे त्या ९० दिवसांनी आपोआप जातात. त्यांना लॉगरोटेट लावायचं कारण नाही.

लोक रोटेशन बसवतात आणि कचरा तसाच ठेवतात. मग तोच कचरा जीझिप करून जपून ठेवायचा!

सीवूड्स_दारावे

यात माझी एक भर. ॲप्लिकेशनमध्ये लॉगबॅक किंवा लॉगफोरजे (जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररी) असेल आणि ते स्वतःची फाइल स्वतः फिरवत असेल, तर त्या फाइलवर लॉगरोटेट लावू नये. दोघे एकाच फाइलची नावं बदलायला लागले की कोणाची कुठली हे कळत नाही. लॉगबॅकमध्ये साइझ-अँड-टाइम-बेस्ड पॉलिसी घ्या. मॅक्सफाइलसाइझ, मॅक्सहिस्टरी आणि टोटलसाइझकॅप तिन्ही द्या. मॅक्सहिस्टरी नसेल तर टोटलसाइझकॅप कामच करत नाही, ही गोम पक्की लक्षात ठेवा.

जुनं लॉगफोरजे १ असेल तर त्यातला डेली-रोलिंग अपेंडर फाइल रोज बदलतो पण जुनी कधीच हटवत नाही. तशी सोयच नाही त्यात. त्याचं आयुष्य ऑगस्ट २०१५ मध्येच संपलं आहे, तरी ट्रान्सपोर्ट आणि वेअरहाउसच्या ॲप्लिकेशनमध्ये अजून ठाण मांडून आहे. आणि लॉगफोरजे २ दिसलं तर आवृत्ती जरूर पाहा. डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरशेल या सुरक्षा-त्रुटीचं प्रकरण आठवत असेलच.

घोडबंदर_रोड

अवांतर: डॉकरवाल्यांनी (ॲप्लिकेशन 'कंटेनर' नावाच्या बंद खोक्यात चालवणाऱ्यांनी) खूश होऊ नये. त्याचे लॉग लिहिणाऱ्या जेसन-फाइल ड्रायव्हरला मूळ सेटिंगमध्ये मर्यादाच नसते, कंटेनर चालू आहे तोवर फाइल वाढतच राहते. डीमन-डॉट-जेसनमध्ये मॅक्स-साइझ आणि मॅक्स-फाइल द्या. पण ते नव्याने बनवलेल्या कंटेनरलाच लागू होतं. जुना कंटेनर रीस्टार्ट करून उपयोग नाही, काढून परत बनवावा लागतो. आमच्याकडे सेटिंग टाकून सगळे शांत झोपले होते.

तुर्भे_स्टोअर्स

डॉकर नाही आमच्याकडे, नशीब.

आता नवीन भानगड. तात्पुरतं म्हणून कोपरी साहेबांचं कॉपीट्रंकेटवालं कॉन्फिग ठेवलंय. एफ देऊन हाताने चालवलं की व्यवस्थित फिरतं. रात्री आपोआप मात्र फिरत नाही. सकाळी फाइल तशीच. क्रॉनच्या लॉगमध्ये लॉगरोटेट चालल्याचं दिसतं.

कोपरी_पूल

परमिशन. लॉग्ज फोल्डर ग्रुपला लिहिण्यासाठी उघडा असेल तर लॉगरोटेट 'पॅरेंट डिरेक्टरी असुरक्षित आहे' म्हणून ती फाइल वगळतं. कॉन्फिगमध्ये 'एसयू टॉमकॅट टॉमकॅट' ही ओळ टाका.

वागळे_इस्टेट

ते असतं तर हातानेही फिरलं नसतं.

नौपाडा_नाइटशिफ्ट

हाताने चालतं आणि आपोआप चालत नाही, आणि रॉकी आहे, म्हणजे आधी एसई-लिनक्सकडे (कोणत्या प्रोग्रॅमने कशाला हात लावायचा हे ठरवणारा लिनक्सचा पहारा) बघायचं. तुम्ही रूट म्हणून टर्मिनलवर चालवता तेव्हा लॉगरोटेट मोकळ्या डोमेनमध्ये चालतं. क्रॉनमधून सुटतं तेव्हा लॉगरोटेट-टी या बांधलेल्या डोमेनमध्ये जातं आणि त्याला लॉगचं लेबल असलेल्या फायलींनाच हात लावायची मुभा असते. व्हार-लॉगखाली ते लेबल आपोआप असतं. तुमचा टॉमकॅट टार फोडून ऑप्टमध्ये ठेवलाय, तिथे लेबल यूएसआर-टी. म्हणून दार बंद.

ए-यू-सर्चने आजचे एव्हीसी (एसई-लिनक्सचे) नकार काढा, त्यात लॉगरोटेट दिसलं तर निदान पक्कं. मग एस-ई-मॅनेजच्या एफकॉन्टेक्स्टने त्या लॉग्ज फोल्डरला आणि त्याखालच्या सगळ्याला व्हार-लॉग-टी लेबल लावायचं आणि रिस्टोअरकॉनने ते प्रत्यक्षात उतरवायचं. नुसतं सीएच-कॉन वापरलंत तर पुढे कोणी रीलेबल केलं की गेलं.

ऐरोलीकर

किंवा एसई-लिनक्स बंद. आमच्याकडे बंदच असतं.

नौपाडा_नाइटशिफ्ट

ऐरोलीकर, तुमच्याकडे काय काय चालू असतं तेही एकदा सांगा.

तुर्भे_स्टोअर्स

ए-यू-सर्चमध्ये लॉगरोटेटचे नकार रांगेने निघाले. लेबल लावलं, आज सकाळी फाइल फिरलेली दिसली. ताई, तुमचे पाय कुठे आहेत?

मात्र फिरली ती सकाळी नऊच्या सुमाराला. ती वेळ आमच्याकडे गाड्या सुटायची. जीझिप चालू असताना पाच-सात मिनिटं सगळं जड झालं होतं.

वागळे_इस्टेट

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असणार, टाइम-डेट-सीटीएल चालवून पाहा. रॉकी ८ वर लॉगरोटेट क्रॉन-डॉट-डेलीत असतं आणि तिथली रोजची कामं ॲनाक्रॉन हा क्रॉनचा जोडीदार चालवतो. त्याच्या सेटिंगमध्ये वेळ ३ ते २२ आणि पुढे ४५ मिनिटांपर्यंतचा सरमिसळ उशीर. यूटीसीचे तीन म्हणजे आपले साडेआठ, त्यात उशीर मिळवला की नऊ. जुन्या उबुंटूवर तर डेलीची वेळ सहा पंचवीस, म्हणजे यूटीसीवर आपले अकरा पंचावन्न. भर दुपारच्या गर्दीत सर्व्हर का दमतो याची आम्ही भलतीकडेच चौकशी करत बसलो होतो.

टाइमझोन एशिया-कोलकाता करा, म्हणजे पहाटे तीननंतर होईल. पण डेटाबेस किंवा ॲप्लिकेशन सर्व्हरच्या घड्याळावर विसंबून तारखा टाकत असेल तर आधी ते तपासा, नाहीतर साडेपाच तासांचा घोळ स्लिपांवर छापून येईल. शंका असेल तर झोनला हात न लावता लॉगरोटेट डेलीतून काढा आणि इटीसी-क्रॉन-डॉट-डीमध्ये यूटीसी साडेनऊ रात्रीचे, म्हणजे आपले पहाटे तीन, अशी स्वतःची ओळ टाका.

कोपरी_पूल

मी आणखी एक म्हणेन, मॅक्ससाइझ १ जीबी टाका. एखाद्या दिवशी एरर सुटला आणि दोन तासांत २० जीबी लिहिलं तर डेली कामाचं नाही.

नौपाडा_नाइटशिफ्ट

टाका, पण त्याने एकट्याने काही होत नाही. लॉगरोटेट हा बसून पहारा देणारा प्रोग्रॅम नाही. क्रॉन उठवेल तेव्हा उठतो, बघतो, झोपतो. दिवसातून एकदा उठवलंत तर मॅक्ससाइझही दिवसातून एकदाच तपासला जातो. फक्त टॉमकॅटसाठीचं कॉन्फिग वेगळ्या जागी ठेवून ते दर तासाला चालवा, त्याला एस पर्यायाने स्वतःची स्टेटस फाइल द्या. हे केलं की मूळ फोल्डरातली टॉमकॅटची फाइल काढा, नाहीतर दोन्हीकडून फिरेल.

आणि डेटएक्स्ट (फिरवलेल्या फाइलच्या नावाला तारीख जोडणं) चालू असेल, रॉकीच्या मूळ कॉन्फिगमध्ये असतंच, तर एका दिवसात दुसऱ्यांदा फिरवताना तेच नाव आधीच असतं आणि लॉगरोटेट फिरवायचं टाळतं. डेटफॉर्मॅटमध्ये तारखेबरोबर तासही घाला.

साइझ, मिनसाइझ, मॅक्ससाइझ या तिघांत लोक फार गोंधळतात. नुसतं साइझ लिहिलं की डेली-वीकली बाद, फक्त आकार पाहिला जातो. मिनसाइझ म्हणजे वेळही झाली पाहिजे आणि आकारही भरला पाहिजे. मॅक्ससाइझ म्हणजे दोन्हींपैकी जे आधी होईल ते.

पाम_बीच

सगळे रोटेट १४ धरून चाललेत. सर्ट-इनचं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं, काय? २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सगळ्या आयसीटी सिस्टिमचे लॉग सलग १८० दिवसांचे ठेवायचे आहेत. घटना घडली तर ६ तासांत कळवायचं आहे. तुर्भेंची कंपनी १४ दिवसांत पुरावे पुसतेय.

ऐरोलीकर

ते बँका आणि मोठ्या लोकांना. ट्रकवाल्याला कोण विचारतंय.

पाम_बीच

निर्देशांत सर्व्हिस प्रोव्हायडर, इंटरमीडियरी, डेटा सेंटर आणि बॉडी कॉर्पोरेट अशी यादी आहे. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर बॉडी कॉर्पोरेटच झाली. कोणी विचारेल की नाही हा भाग वेगळा. पण एखाद्या पार्टीची पेटी गायब झाली आणि चार महिन्यांनी कोणी लॉगिन कुठून झालं ते मागितलं, तर त्या नोंदी तुम्हालाच हव्या असणार.

नौपाडा_नाइटशिफ्ट

पाम बीच यांना अनुमोदन. फक्त १८० दिवस म्हणजे 'हायबरनेट: सिलेक्ट' १८० दिवस नव्हे. एनजिनएक्सचा ॲक्सेस लॉग, लॉगिनच्या नोंदी, सिस्टिमचा सिक्युअर लॉग हे नीट जपा. मजकुराचे लॉग जीझिपमध्ये साधारण दहाव्या हिश्शावर येतात, त्यामुळे जागेचं रडगाणं नको. आणि त्याच १०० जीबीच्या डिस्कवर ठेवू नका. रोज पहाटे दाबलेल्या फाइल दुसऱ्या मशिनवर सरकवा. व्हीएममध्ये कोणी घुसला तर जाताना लॉग पुसूनच जातो.

परमिशन ०६४० असू द्या. ड्रायव्हरांचे मोबाइल नंबर ॲक्सेस लॉगमधल्या यूआरएलमध्ये येत असतील तर तो वेगळा धागा काढावा लागेल.

तुर्भे_स्टोअर्स

येतात. काढतो वेगळा धागा.

सद्यस्थिती: शो-एसक्यूएल आणि कन्सोल हँडलर रविवारी सकाळी बंद करून टॉमकॅट रीस्टार्ट केला. कॅटालिना डॉट एसएचमध्ये वागळे साहेबांनी सांगितलेलं व्हेरिएबल सापडलं, त्याच वेळी रोटेटलॉग्ज लावला, एल पर्यायासकट. कॉपीट्रंकेटवालं कॉन्फिग काढून टाकलं. आता दिवसाची फाइल काही एमबीत मावते, त्यात बहुतेक 'इथे आलो'च. रोजचा फाइंडही लावला.

एकच अडलंय. एनजिनएक्सचे लॉग मी रोटेट १८० वर नेले, कॉम्प्रेससकट. फाइल फिरते, पण नवी ॲक्सेस डॉट लॉग शून्य बाइटची राहते आणि तारखेची जुनी फाइल वाढत राहते.

कोपरी_पूल

धाग्याच्या पहिल्या पानावरचंच. नाव बदललं, एनजिनएक्सच्या हातात जुनाच आयनोड. पॅकेजसोबत आलेल्या कॉन्फिगमध्ये पोस्टरोटेटचा भाग होता, तो बदलताना उडालाय का?

तुर्भे_स्टोअर्स

हो, तिथे एक किल कमांड होती. सर्व्हर बंद पडेल असं वाटून व्हेंडरच्याच माणसाने कॉमेंट करून ठेवलेली दिसते.

कोपरी_पूल

ती मारणारी किल नाही. एनजिनएक्सच्या मास्टर प्रोसेसला यूएसआर१ सिग्नल जातो आणि तो सगळे लॉग नव्याने उघडतो, एकही कनेक्शन तुटत नाही. कॉमेंट काढा. शेअर्डस्क्रिप्ट्स ठेवा म्हणजे ॲक्सेस आणि एरर दोन्ही फिरल्यावर एकदाच जाईल. डिलेकॉम्प्रेसही (एक फेरी उशिरा दाबणं) ठेवा, कारण फाइल पुन्हा उघडेपर्यंत एखादी ओळ जुन्या फाइलमध्येच जाऊ शकते आणि तेवढ्यात जीझिप तिच्यावर बसलेला नको.

सीवूड्स_दारावे

आणि टॉमकॅटचा स्वतःचा ॲक्सेस लॉग? तोही तारखेने फुटतो, पण तो लिहिणाऱ्या ॲक्सेस-लॉग-व्हॉल्व्हला मॅक्सडेज मूळ सेटिंगमध्ये उणे एक आहे, म्हणजे कधीच हटवत नाही. ९० वाली सोय त्याला नाही. लॉग्ज फोल्डरात लोकलहोस्ट ॲक्सेस लॉग नावाच्या किती फाइल साचल्यात बघा.

तुर्भे_स्टोअर्स

सर्व्हर उभा राहिला त्या दिवसापासूनच्या सगळ्या आहेत.

सीवूड्स_दारावे

पुढे एनजिनएक्स असताना त्या सगळ्या विनंत्या दोनदा लिहिल्या जाताहेत. सर्व्हर-डॉट-एक्सएमएलमध्ये व्हॉल्व्हला मॅक्सडेज १८० द्या, किंवा एनजिनएक्सचा लॉग नीट सांभाळत असाल तर व्हॉल्व्हच कॉमेंट करा. मी दुसरं करेन. पण आधी एनजिनएक्सच्या लॉगमध्ये खरा क्लायंट आयपी येतोय ना एवढं बघा, मगच.

तुर्भे_स्टोअर्स

खरा आयपी येतोय. आताच पाहिलं. यूएसआर१ची कॉमेंटही काढली, नवी फाइल भरायला लागली. व्हॉल्व्ह पुढच्या रविवारी, रीस्टार्टच्या वेळी.